सत्तर किलोमीटर हवेतले, दोन किलोमीटर चिखलातले



जिल्हा बैठकीसाठी आलेल्या ठरावांच्या गठ्ठ्यात यावेळी एक ठराव वेगळा आहे. तो कापसाच्या भावाचा नाही, विजेचा नाही, कर्जाचाही नाही. "अमरावतीला विमान आले, आता अकोल्यालाही आले पाहिजे. संघटनेने या मागणीला पाठिंबा द्यावा," असा तो ठराव आहे. आणणारी मंडळी आपलीच आहेत, मोर्च्यात आपल्याबरोबर चाललेली आहेत. तेव्हा ठराव हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. पण हात वर करण्यापूर्वी हिशेब करून घेतला पाहिजे. शेतकऱ्याने हिशेब न करता टाळ्या वाजवल्या त्या प्रत्येक वेळी वर्गणी त्याच्याच खिशातून गेली आहे.

म्हणून या अंकात आम्ही विमानाचा हिशेब मांडतो आहोत. अंतर किती, वेळ किती, आणि तो वेळ वाचतो कुणाचा.

सुताने मोजलेले अंतर

अकोल्याच्या पूर्वेला शिवणीची धावपट्टी आहे. ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. अमरावतीजवळ बेलोऱ्याची धावपट्टी आहे, ती १९९२ सालची. नकाशावर या दोन ठिकाणांमध्ये सूत ताणले तर अंतर भरते सुमारे ७० किलोमीटर. सूत बरोबर मूर्तिजापूरच्या अंगावरून जाते.

बेलोऱ्याची धावपट्टी वाढवून १८५० मीटर केली गेली आणि १६ एप्रिल २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते तिथल्या विमानतळाचे उद्घाटन झाले. मुंबईची विमानसेवा सुरू झाली, सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस. शिवणीची धावपट्टी मात्र १४०० मीटरच्या आसपास राहिली. तिथे नियमित प्रवासी सेवा टिकली नाही. अकोल्याच्या मंडळींना हे सलते. एकाच पट्ट्यातली दोन शहरे, एकाला विमान आणि दुसऱ्याला नाही. सलणे स्वाभाविक आहे.

आता वेळेकडे या. अमरावतीला येते ते एटीआर-७२ जातीचे पंख्याचे विमान. उंचीवर गेल्यावर ते ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास चालते. शाळकरी पोराला विचारले तर तो सांगेल, ७० भागिले ५००, म्हणजे साडेआठ मिनिटे. अकोला ते अमरावती साडेआठ मिनिटे! भाषणात हे वाक्य छान वाजते. पण तसे कधी होत नाही. विमान चढायला वेळ लागतो, उतरायला वेळ लागतो, वारा पाहून वळसा घ्यावा लागतो. सत्तर किलोमीटरमध्ये ते पुरते वर चढणारसुद्धा नाही, तोच उतरायची वेळ येईल. वीस-पंचवीस मिनिटे धरा. म्हणजे आकाशातसुद्धा अंतर भागिले वेग बरोबर वेळ, हे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही.

लांबच्या प्रवासातही तेच. अमरावती ते मुंबई हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर. गणिताने पासष्ट मिनिटे. सेवा सुरू झाली तेव्हाच्या वेळापत्रकात मात्र पावणेदोन तास लिहिलेले होते. मधली चाळीस मिनिटे कुठे गेली? काही चढण्या-उतरण्यात गेली. काही मुंबईच्या आकाशात रांग लावण्यात गेली, कारण मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी दोन्हींचा पुरा वापर करता येत नाही. काही जमिनीवर सरकण्यात गेली.

विमान कंपन्यांचा वेळ मोजण्याचा एक रिवाज आहे. उभ्या विमानाच्या चाकाला ठोकळे लावलेले असतात. ते ठोकळे काढून विमान हलले की घड्याळ सुरू होते. दुसऱ्या गावी विमान थांबून चाकाला ठोकळे लागले की घड्याळ बंद. आपण उतारावर बैलगाडी उभी केली की चाकाला दगड लावतो, तसेच. दगड काढल्यापासून दगड लावेपर्यंत जो वेळ जातो, तो प्रवासाचा वेळ.

रिवाज चांगला आहे, प्रामाणिक आहे. त्यात खोट नाही. प्रश्न एवढाच, की आपल्या चाकाचा दगड कुठे काढला जातो?

घड्याळ सुरू होते ते घरातून

मूर्तिजापूरच्या एका शेतकऱ्याला मुंबईला जायचे आहे असे समजा. विमान त्याच्या डोक्यावरून जाईल, पण त्याला ते पकडायला बेलोऱ्याला जावे लागेल. तिथवर पन्नासेक किलोमीटर, म्हणजे सव्वा तास. विमान सुटण्याआधी तास-दीड तास तिथे हजर राहिले पाहिजे. मग पावणेदोन तासांचे उड्डाण. मुंबईला उतरून सामान घेऊन कामाच्या ठिकाणी पोचायला दीड तास. बेरीज सहा तास. रात्रीच्या रेल्वेने दहा-अकरा तास लागतात, पण ते झोपेत जातात आणि सकाळी माणूस कामाला मोकळा असतो.

चार-पाच तास वाचले, हे आम्ही नाकारत नाही. मुंबईला उपचारासाठी जाणारा रोगी, मुलाखतीला जाणारी पोरगी, व्यापारी, कारखानदार, यांना त्या चार तासांची किंमत आहे. आपल्यापैकीही कुणाच्या घरचा माणूस उद्या त्या विमानात बसेल. विमान म्हणजे श्रीमंतांचे चोचले असे म्हणून नाक मुरडणे आम्हाला मान्य नाही. शेतकऱ्याच्या पोराने विमानात बसू नये असे कोण म्हणतो?

पण आपला माल त्यात बसतो काय, हे पाहिले पाहिजे. कापसाची गाठ १७० किलोची. सगळ्या खुर्च्या काढून या विमानात गाठी भरल्या तरी चाळीस-पन्नास गाठी मावतील. आपल्या जिनिंगमधून निघणारा एक दहा चाकी ट्रक त्याच्या दुपटीने गाठी नेतो. ज्वारीचे तर बोलायलाच नको. विमानतळाने आपल्या मालाचे अंतर एका किलोमीटरनेही कमी होत नाही. नागपूरच्या मिहान प्रकल्पाच्या तर नावातच मालवाहतुकीचे केंद्र होते. कापसाने तेव्हाही ट्रकची आणि रेल्वेचीच वाट धरली आणि आजही धरतो.

आणि विमान आले म्हणजे ते राहतेच असेही नाही. केंद्राची उडान योजना २०१६ साली जाहीर झाली आणि एप्रिल २०१७ मध्ये सिमला-दिल्ली हे पहिले विमान उडाले. तासाभराच्या उड्डाणाला निम्म्या खुर्च्यांसाठी अडीच हजार रुपयांची मर्यादा घातली गेली आणि कंपनीला येणारी तूट तीन वर्षे भरून देण्याची सोय केली गेली. या योजनेचा हिशेब कॅगने २०२३ च्या अहवालात तपासला. पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग वाटले गेले. त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली. तूट भरून देणे थांबल्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिलेले मार्ग होते ५४. शंभर मार्ग वाटले तर सात टिकले. आपण शंभर सरक्या लावाव्या आणि सात झाडे उभी राहावीत, तर त्या बियाण्याच्या पिशवीचे आपण काय करू?

आपल्या शेजारच्या यवतमाळचे उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. २००९ साली यवतमाळ, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि बारामती हे पाच विमानतळ ९५ वर्षांच्या भाडेकराराने एका खासगी कंपनीकडे गेले. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत यवतमाळहून नियमित प्रवासी विमान रुळले नाही. कागदावर विमानतळ, प्रत्यक्षात कुंपणातले गवत.

याच सत्तर किलोमीटरचा इतिहास

अकोला-अमरावती हा पट्टा वेळेच्या बाबतीत मोठा विलक्षण आहे. इथे एकाच अंतराच्या अनेक वेळा सापडतात.

इंग्रजाने या पट्ट्यातून रेल्वे नेली ती कापसासाठी. पुढे मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि दुसरा अचलपूरला गेला, अरुंद रुळांचा. तीच आपली शकुंतला. मूर्तिजापूर ते अचलपूर हे अंतर सुमारे ७६ किलोमीटर, म्हणजे शिवणी ते बेलोरा एवढेच. शकुंतला त्याला चार तास घ्यायची. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. चार तास लागायचे, पण गावोगावी थांबायची आणि गरिबाला परवडायची. गेल्या दशकात तीही बंद पडली.

मग रस्ता पाहा. अकोला-अमरावती महामार्गाने वर्षानुवर्षे किती गाड्यांचे पाटे मोडले आणि किती संसार मोडले ते आपण पाहिले आहे. पण जून २०२२ मध्ये याच महामार्गावर लोणी ते माना या भागात ७५ किलोमीटर लांबीचा एका पदराचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. गिनीज बुकात त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. पाच दिवसांत पंचाहत्तर किलोमीटर!

आम्हाला त्या मजुरांचा आणि अभियंत्यांचा अभिमान वाटतो. पण त्या विक्रमाने एक गोष्ट कायमची सिद्ध केली. मनात आणले तर सरकारला रस्ता करायला वेळ लागत नाही. यापुढे "निधी येईल, मोजणी होईल, पुढच्या हंगामात पाहू" हे उत्तर आपण ऐकून घेता कामा नये.

दोन किलोमीटर

आता त्याच महामार्गावरून खाली उतरा आणि कोणत्याही गावाच्या पांधणीने वावराकडे चला. मृगाचे दोन पाऊस झालेले असू द्या.

आम्ही शेतीचे शिक्षण घेतले तेव्हा काळ्या मातीचे गुण पाठ केले होते. या मातीत चिकणमातीचे प्रमाण निम्म्याच्या वर जाते. ती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. पाणी धरून ठेवते म्हणून कोरडवाहू कपाशी तगते, रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर येते. पुस्तकात हा गुण होता. गावात आल्यावर कळले की पिकाला तारणारा हाच गुण पांधणीत माणसाला मारतो. चाक रुतते, बैल गुडघ्यापर्यंत जातो, ट्रॅक्टर आस टेकतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात अकोला, अमरावती, बुलडाणा मिळून पावणेपाच लाख हेक्टर जमीन अशी आहे, की जिथे पाणीही खारे आणि वाटही बंद.

समजा, एका शेतकऱ्याचे पाच एकर वावर गावापासून दोन किलोमीटरवर आहे. साल बरे गेले आणि एकरी पाच क्विंटल कापूस झाला. एकूण पंचवीस क्विंटल. परतीच्या पावसाने पांधण बंद आहे, गाडी जात नाही. वेचलेला कापूस डोक्यावर आणायचा. एका खेपेला तीस किलो धरले तर ८३ खेपा झाल्या. जाऊन-येऊन चार किलोमीटरप्रमाणे ३३२ किलोमीटर. अमरावती-मुंबई हवाई अंतराच्या निम्म्याहून जास्त वाट ती माय चालली, अर्धी वाट डोक्यावर तीस किलो घेऊन. चिखलात ताशी तीन किलोमीटर धरले तर ११० तास.

आकडा पुन्हा वाचा. पंचाहत्तर किलोमीटरचा विक्रमी थर पडला १०५ तासांत. एका घरचा कापूस दोन किलोमीटरवरून गावात आला ११० तासांत.

यात जूनमध्ये डोक्यावरून नेलेले युरियाचे ४५ किलोचे कट्टे धरलेले नाहीत. फवारणीच्या पाण्याचे पिपे धरलेले नाहीत. साप चावलेल्या माणसाला खाटेवर घालून आणले, तो वेळ धरलेला नाही. ज्वारीचेही तसेच आहे. आपल्याकडे ज्वारी मागे पडली त्याची कारणे पुष्कळ आहेत, पाखरे आहेत, भाव आहे, सोयाबीन आहे. पण कडबा हा वजनाला हलका आणि आकाराला मोठा माल. गाडी वावरापर्यंत जात नसेल तर तो डोक्यावर आणण्याची मजुरी कडब्याला पेलत नाही. मग तो जागेवरच मातीमोल जातो. पांधण बंद झाली की पिकाची निवडही बंद होते.

या हिशेबाचे घड्याळ कुठल्याही वेळापत्रकात नाही. मागच्या महिन्यात आम्ही एका गावात हा ठराव वाचून दाखवला, तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "बापू, इमान येऊ दे नं, कोन नाई म्हनते? पन माह्या वावरात जाले रस्ता लागते." बैठकीत आम्ही तासभर बोललो असतो तरी याहून नीट मांडता आले नसते.

अंतर कोण ठरवते

अंतर किलोमीटरने ठरत नाही, अडथळ्याने ठरते. जगातले सर्वांत छोटे नियमित विमान-उड्डाण स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत आहे. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, अंतर पावणेतीन किलोमीटर, वेळ दोन मिनिटे. एवढ्यासाठी विमान का? कारण मध्ये समुद्र आहे. दोन बेटांवरच्या थोड्या माणसांसाठी तिथल्या व्यवस्थेने समुद्राचा अडथळा मान्य केला आणि दूर केला. आपल्या गाव आणि वावराच्या मधला दोन किलोमीटरचा चिखलही चार महिने समुद्रच असतो. तो अडथळा आहे हे मात्र कोणी मान्य करत नाही.

कधी अडथळा चिखलाचा असतो, कधी कायद्याचा. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदीचा काळ आठवा. मध्य प्रदेशातली मंडी चार-पाच कोसांवर असली आणि तिथे भाव चांगला असला, तरी कापसाची गाडी सीमेवर अडवली जायची. त्या चार कोसांइतके लांब अंतर या राज्यात दुसरे नव्हते. ते किलोमीटरचे नव्हते, नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाचे होते.

जमीन मागायला येतील तेव्हा

शिवणीची धावपट्टी लांबवायची तर जमीन लागते. तिच्या शेजारी पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन आहे. ती मागितली गेली आणि काही खासगी जमिनीचाही प्रश्न निघाला. हे विद्यापीठ १९६९ साली उभे राहिले. पीकेव्ही हायब्रीड-२ आणि पीकेव्ही रजत हे कपाशीचे वाण तिथून निघाले आणि आपल्या बापांनी ते पेरले. प्रयोगाची जमीन एका दिवसात तयार होत नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदी त्या मातीच्या असतात, ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही. ती घ्यायचीच असेल तर बदल्यात तशाच मातीची, तेवढीच जमीन संशोधनाला मिळाली पाहिजे, हे आपण म्हटले पाहिजे. विद्यापीठातले लोक नोकर आहेत, त्यांना बोलता येत नसेल. आपल्याला येते.

ज्यांच्या खासगी जमिनी जाण्याची शक्यता आहे त्यांनी घाबरू नये आणि भाळूही नये. तीन प्रश्न लेखी विचारावेत. पहिला, कोणत्या कायद्याखाली जमीन घेता? भूसंपादन, थेट खरेदी की औद्योगिक विकासाचा कायदा? मोबदला, सुनावणी आणि पुनर्वसन त्यावर ठरते. दुसरा, जमीन वापरली नाही तर काय? २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याच्या कलम १०१ मध्ये पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाला परत देण्याची किंवा सरकारी भूपेढीत टाकण्याची तरतूद आहे. यवतमाळसारखे गवत उगवले तर कोणता पर्याय, ते आजच लिहून घ्या. तिसरा, धावपट्टीने तुटणाऱ्या पांधणींच्या बदल्यात वाट कुठून?

आमचा सल्ला

हा ठराव आहे तसा मंजूर करू नये आणि फेटाळूही नये. विमानाला विरोध करून आपण काही मिळवणार नाही. शहराच्या सोयीचा हेवा हे संघटनेचे काम नाही. ठरावात दुरुस्ती करावी, असे आम्ही सुचवतो:

"विमानतळाला आमची हरकत नाही. मात्र विमानतळावर एक रुपया खर्च होण्यापूर्वी जिल्ह्यातल्या प्रत्येक गावच्या पांधणींची यादी, लांबी आणि अवस्था तहसीलवार जाहीर करावी, आणि त्या बारमाही करण्याचा दिनांकवार कार्यक्रम द्यावा."

मागणी हवेतली नाही. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्याची योजना २०२१ पासून आहे. मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत घ्यावी, असे सांगितले आहे. वाट नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. असलेली वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येते. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत गेले पाहिजे, हे मात्र विसरू नका. भावकीच्या भिडेने आपण वर्ष काढतो आणि मग हक्क हातचा जातो.

आणि एक कडू गोष्ट. पुष्कळ पांधणी सरकारने नव्हे, आपणच खाल्ल्या आहेत. दरसाल नांगराचे एक तास वाटेत सरकवले आणि तीस फुटांची पांधण आठ फुटांवर आणली. अमरावती-अकोल्याच्या विमानाचा हिशेब सरकारकडे मागताना हे एक तास मागे घेण्याची तयारी आपलीही असली पाहिजे. बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या पांधणींची यादी आणावी. लांबी लिहावी. पावसाळ्यात किती दिवस बंद राहतात ते लिहावे. कोणी अतिक्रमण केले तेही लिहावे, मग तो लिहिणारा स्वतः का असेना.

घड्याळ आपणही लावू. चाकाचा दगड वावराच्या धुऱ्यावर काढायचा आणि बाजारात लावायचा. मधला वेळ किती लागतो ते दरसाल मोजायचे. तो कमी झाला तर प्रगती झाली असे आम्ही मानू. मग डोक्यावरून विमान गेले तर तेही आनंदाने पाहू.